स्लाइड एकच, निदान दोन

(युवा शिबिरात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘विज्ञान आणि आपण’ असा ऐसपैस विषय दिला होता. तो मी मुद्दाम अरुंद करून घेतला आहे. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. अन्ननलिका, जठर आणि मोठं आतडं इथल्या गाठीला कॅन्सर म्हणायचं की नाही, यावर वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांचं एकमत का होत नाही? आणि तज्ज्ञांचंच होत नसेल, तर हातात रिपोर्ट घेऊन बसलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाने काय करायचं?

आधी स्पष्ट सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग शिकलो आणि सॉफ्टवेअर लिहितो. काही वर्षं मी सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडची डिजिटल चित्रं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो आहे. कॉम्प्युटरला शिकवायचं असेल तर त्याला हजारो चित्रं दाखवावी लागतात आणि प्रत्येक चित्राला एक लेबल द्यावं लागतं : हा कॅन्सर, हा नाही. लेबल देणारा माणूस म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. आमच्याकडे अशी काही चित्रं आली की एकाच चित्रावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांनी दोन वेगळी लेबलं दिली होती. टीममधल्या एका मुलीने आमच्या सल्लागार डॉक्टरांना विचारलं, “सर, यातलं बरोबर कुठलं?” ते म्हणाले, “दोन्ही. कुठल्या नियमाने बघतेस ते आधी सांग.” त्या उत्तरानंतर मी या विषयावर वाचायला लागलो.

निदान होतं कसं ते आधी पाहू. पोटात दुर्बीण घालून डॉक्टर संशयित जागेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढतात. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर चढवतात आणि दोन रंगांत रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचं गुलाबी दिसतं. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पाहतो आणि मत लिहितो. कितीही यंत्रं आली तरी पोटाच्या गाठींमध्ये आजही बहुतेक निदान या बघण्यावरच उभं आहे.

तो बघतो काय? मुख्यतः दोन गोष्टी. पहिली, पेशींचं रूप : केंद्रकं मोठी झाली आहेत का, काळपट झाली आहेत का, ग्रंथींची रचना वेडीवाकडी झाली आहे का. दुसरी, पेशींनी हद्द ओलांडली आहे का. अन्नमार्गाच्या आतल्या अस्तराच्या पेशी एका अतिशय पातळ पडद्यावर उभ्या असतात. बिघडलेल्या पेशी पडदा फाडून खाली शिरल्या तर त्याला आक्रमण म्हणतात. पडद्याच्या वरच राहिल्या, पण रूप बिघडलं, तर पाश्चात्त्य भाषेत त्याला ‘डिस्प्लेशिया’ म्हणतात, सौम्य किंवा तीव्र.

वाद इथे सुरू होतो. रूप फार बिघडलं आहे, पण हद्द ओलांडलेली दिसत नाही, अशा वेळी काय म्हणायचं?

१९९७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रोनाल्ड श्लेम्पर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. जपान, उत्तर अमेरिका आणि युरोपमधल्या आठ पॅथॉलॉजिस्टांना जठराच्या त्याच ३५ स्लाइड दाखवल्या. रुग्ण सगळे जपानी. प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहायचं, काय दिसलं ते लिहायचं आणि निदान द्यायचं. यातल्या १२ स्लाइडमध्ये पाश्चात्त्य परिभाषेत ‘तीव्र डिस्प्लेशिया’ होता. या १२ पैकी एकाही स्लाइडला पाश्चात्त्य पॅथॉलॉजिस्टांनी निश्चित कॅन्सर म्हटलं नाही. जपानी पॅथॉलॉजिस्टांनी म्हटलं ११ स्लाइडना.

बारापैकी शून्य आणि बारापैकी अकरा! हे शिकाऊ डॉक्टर नव्हते. आपापल्या देशातले नावाजलेले लोक होते. आणि नजरेत फार फरक नव्हता. बिघडलेली केंद्रकं दोघांनाही दिसत होती. पाश्चात्त्यांपैकी बहुतेकांसाठी निर्णायक गोष्ट होती आक्रमण, जपानी पॅथॉलॉजिस्टांसाठी केंद्रकांचं रूप आणि ग्रंथींची रचना.

तुमच्यासाठी हे नवीन नाही. दरवर्षी ईदच्या आदल्या रात्री आपल्या घरांत फोन सुरू होतात. कुठे चाँद झाला, कुठे नाही झाला. नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवा की गणित पुरेसं आहे, आपल्या गावात दिसायला हवा की दुसऱ्या देशात दिसलेला चालेल, यावर वाद होतो. आकाशातला चंद्र सगळ्यांसाठी एकच असतो. ‘दिसला’ म्हणजे काय, याचे नियम वेगळे असतात. म्हणून कुणी कुणाला आंधळं म्हणत नाही. निदान म्हणू नये.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकू, कारण दोन्हींमागे प्रामाणिक कारणं आहेत.

जपानमध्ये जठराचा कॅन्सर पूर्वापार खूप. १९६० च्या दशकापासून तिथे लोकांना बेरियम पाजून एक्स-रेवर जठराची सामूहिक तपासणी सुरू झाली. १९६२ साली तिथल्या दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेने ‘सुरुवातीचा जठर-कॅन्सर’ याची व्याख्या केली : जो फक्त आतल्या अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात आहे, तो. म्हणजे त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं छोट्या, कोवळ्या गाठी येत राहिल्या. त्यांचं म्हणणं असं : दुर्बिणीतून काढलेला तुकडा इतका छोटा आणि वरवरचा असतो की त्यात खालचा थर येईलच असं नाही. मग त्या तुकड्यात आक्रमण दिसलं नाही म्हणून ते नाहीच, असं कसं म्हणायचं? पेशीचं रूपच सांगतं आहे की हा कॅन्सर आहे. तसं लिहा, गाठ काढा. पुढे अख्खी गाठ काढून तपासली की पहिलं आणि शेवटचं निदान जुळतं. लॅन्सेटमधल्या त्या अभ्यासानेही हेच नोंदवलं की जपानी पद्धतीत तुकड्याचं निदान आणि पूर्ण काढलेल्या गाठीचं निदान यांत जवळजवळ फरक पडत नाही.

पाश्चात्त्य डॉक्टरांचं म्हणणं असं : कॅन्सर हा शब्द लिहिला की पुढची चक्रं फिरायला लागतात. एके काळी त्याचा अर्थ एकच होता, शस्त्रक्रिया करून जठराचा मोठा भाग किंवा अख्खं जठर काढणं. जी गाठ अजून पसरूच शकत नाही तिच्यासाठी माणसाचं जठर काढायचं? त्याला आयुष्यभर ‘कॅन्सर पेशंट’ म्हणून जगायला लावायचं? म्हणून शब्द जपून वापरा. मोठ्या आतड्याबाबत तर ते आणखी कडक आहेत. तिथे बिघडलेल्या पेशी पातळ पडदा ओलांडून अस्तरातच राहिल्या, तरी ते कॅन्सर म्हणत नाहीत. अस्तराखालच्या थरात शिराव्या लागतात. कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरात लसिकावाहिन्या फारच विरळ असतात, त्यामुळे तिथून आजार पसरण्याची शक्यता जवळजवळ नसते. त्याच अवस्थेला जपानमध्ये ‘अस्तरातला कॅन्सर’ म्हणतात.

एक जण ‘चुकून सोडलं तर?’ याला घाबरतो. दुसरा ‘उगाच कापलं तर?’ याला. दोन्ही भीती रुग्णाच्या काळजीतूनच आल्या आहेत.

मतभेद एवढ्यावर थांबत नाहीत. अन्ननलिका कुठे संपते आणि जठर कुठे सुरू होतं, यावरही दोन मतं आहेत. पाश्चात्त्य दुर्बीणतज्ज्ञ जठराच्या घड्या जिथे वर संपतात ती सीमा मानतात. जपानमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला दिसणाऱ्या बारीक, समांतर रक्तवाहिन्या जिथे संपतात ती सीमा मानण्याची पद्धत आहे. या सीमेवरची गाठ एका देशात अन्ननलिकेच्या खात्यात जाऊ शकते, दुसऱ्या देशात जठराच्या. सातबारावरच्या हद्दीचे वाद आपण ऐकतो, तसा हा पोटातला हद्दवाद. आणखी एक उदाहरण. सततच्या आम्लामुळे अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट्स म्हणतात. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तुकड्यात आतड्यासारख्या पेशी दिसल्या तरच बॅरेट्स. ब्रिटनमध्ये ती अट नाही. म्हणजे एखादा माणूस लंडनमध्ये रुग्ण ठरेल आणि न्यूयॉर्कमध्ये उतरला की ठरणार नाही.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की हा विद्वानांचा शब्दच्छल आहे. त्याचे तीन परिणाम सांगतो, मग ठरवा.

पहिला परिणाम घरातला. माझ्या खालूंच्या मोठ्या आतड्यात एक पॉलिप निघाला. दुर्बिणीतूनच तो मुळासकट काढला. पहिल्या लॅबने लिहिलं, ‘इंट्राम्युकोसल कार्सिनोमा’. घरात रडारड. खाला दोन दिवस जेवली नाही. दुबईहून त्यांच्या मुलाने सुट्टी टाकली. मग स्लाइड मुंबईत दुसरीकडे दाखवल्या. तिथला रिपोर्ट आला, ‘हाय ग्रेड डिस्प्लेशिया, कडा मोकळ्या’. आता सगळे भडकले. “पहिल्या लॅबने लुटलं, त्यांच्यावर केस करा.” दोन्ही रिपोर्ट मी शेजारी ठेवून वाचले आणि खालूंना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी दोन्ही पाहिले आणि सांगितलं, “दोघांनी एकच गोष्ट पाहिली आहे. बिघडलेल्या पेशी अस्तरातच आहेत आणि पॉलिप पूर्ण निघाला आहे. एकाने त्याला एक नाव दिलं, दुसऱ्याने दुसरं. करायचं काय ते दोन्हींत तेच : ठरल्या वेळी पुन्हा दुर्बीण.” पहिल्या लॅबने लुटलं नव्हतं आणि दुसऱ्या रुग्णालयाने चमत्कार केला नव्हता. पण मधल्या तीन आठवड्यांत त्या घराने जे सोसलं ते एका शब्दामुळे.

दुसरा परिणाम पैशाचा. आपल्याकडच्या ‘क्रिटिकल इलनेस’ विमा पॉलिसींमध्ये कॅन्सरची व्याख्या विमा नियामकाने ठरवून दिलेली असते. त्या व्याख्येत पेशींनी शेजारच्या निरोगी भागात आक्रमण करणं ही अट आहे. आक्रमण नसलेल्या, कॅन्सरपूर्व अवस्था तीत वगळल्या आहेत. म्हणजे रिपोर्टवरच्या मथळ्यात कॅन्सर हा शब्द असूनही दावा नाकारला जाऊ शकतो, कारण विमा कंपनी मथळ्याखाली जाऊन आक्रमणाची ओळ शोधते. आपणही ती शोधायला शिकलं पाहिजे.

तिसरा परिणाम आकड्यांचा. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला तो सगळ्यात रंजक वाटतो. जगभरातल्या कॅन्सर नोंदणीच्या एका मोठ्या अभ्यासात, २०१० ते २०१४ मध्ये निदान झालेल्या जठर-कॅन्सरच्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण जपानमध्ये सुमारे ६० टक्के आणि दक्षिण कोरियात सुमारे ६९ टक्के होतं. बहुतेक इतर देशांत ते २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान होतं. हे वाचून कुणीही म्हणेल, जपानी डॉक्टर दुप्पट हुशार.

थोडं थांबा. समजा, एका शाळेत दोन तुकड्या आहेत. ‘अ’ हुशार मुलांची, ‘ब’ कच्च्या मुलांची. ‘अ’ मधली शेवटच्या बाकावरची पाच मुलं ‘ब’ मध्ये पाठवली. ती ‘अ’ मध्ये कच्ची होती, पण ‘ब’ मध्ये पुढे आहेत. दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढली! एकाही मुलाने एक गुण जास्त मिळवला नाही, फक्त यादी बदलली. तसंच, जो देश कोवळ्या, न पसरणाऱ्या गाठींनाही कॅन्सरच्या यादीत घालतो, त्याची रुग्णसंख्याही वाढते आणि जगण्याचं प्रमाणही सुधारतं. लॅन्सेटच्या त्या अभ्यासाने हीच शक्यता मांडली होती.

पण याच्या उलट टोकाला जाऊ नका. ‘म्हणजे जपानचं यश हा कागदी खेळ आहे’ असं कुणी म्हणालं तर तेही खोटं आहे. जपानने तपासणी करून आजार खरोखर लवकर पकडला. पोट न फाडता, दुर्बिणीतूनच अस्तरातली गाठ सोलून काढण्याची पद्धत तिथल्या डॉक्टरांनी विकसित केली आणि ती आज जगभर वापरली जाते. यशाचा काही भाग उपचाराचा आणि काही भाग व्याख्येचा. दोन देशांची तुलना करणारा आलेख समोर आला की विचारायचं : दोघे एकाच गोष्टीला कॅन्सर म्हणतात का?

मग यातून मार्ग काय निघाला? या कहाणीतला हा भाग मला सर्वांत जास्त आवडतो.

१९९८ मध्ये व्हिएन्ना शहरात हे पॅथॉलॉजिस्ट समोरासमोर बसले. १२ देशांतले ३१ जण. येण्याआधी सगळ्यांनी तीच स्लाइड स्वतंत्रपणे पाहिली होती : ३५ जठराच्या, २० मोठ्या आतड्याच्या, २१ अन्ननलिकेच्या. आधी त्यांनी एक धाडसाची गोष्ट केली. आपण किती भांडतो ते मोजलं आणि पुढे २००० साली ‘गट’ या नियतकालिकात छापलंही. पाश्चात्त्य आणि जपानी निदान जठराच्या ३७ टक्के, मोठ्या आतड्याच्या ४५ टक्के आणि अन्ननलिकेच्या फक्त १४ टक्के नमुन्यांत जुळत होतं.

नुसते टक्के फसवे असतात. दोन माणसांनी डोळे मिटून उत्तरं दिली तरी काही योगायोगाने जुळतातच. म्हणून योगायोग वजा करून उरलेली सहमती मोजतात. त्या मापाला कप्पा म्हणतात. पूर्ण सहमती म्हणजे १, निव्वळ योगायोग म्हणजे ०. जठरासाठी कप्पा होता ०.१६, मोठ्या आतड्यासाठी ०.२७ आणि अन्ननलिकेसाठी ०.०१. शेवटचा आकडा पुन्हा ऐका. शून्य दशांश शून्य एक. चिठ्ठ्या टाकून निदान केलं असतं तरी जवळजवळ एवढंच जुळलं असतं!

मग त्यांनी ‘जपान बरोबर की पश्चिम बरोबर’ यावर मतदान घेतलं नाही. त्यांनी पाच खण तयार केले. पहिला, काही बिघाड नाही. दुसरा, नक्की सांगता येत नाही. तिसरा, आक्रमण नसलेला सौम्य बिघाड. चौथा, आक्रमण नसलेला तीव्र बिघाड. पाचवा, आक्रमण झालेलं आहे. खरी मेख चौथ्या खणात आहे. पाश्चात्त्यांचा ‘तीव्र डिस्प्लेशिया’, जपान्यांचा ‘आक्रमण नसलेला कॅन्सर’ आणि ‘आक्रमणाची शंका आहे’ अशा तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच खणात ठेवल्या. कारण? तिन्हींमध्ये रुग्णासाठी करायचं ते एकच आहे : ती गाठ त्या जागेवरून काढा. २००२ मध्ये यात आणखी दुरुस्ती सुचवली गेली आणि जी गाठ अस्तरातच आहे, तीही चौथ्या खणात आणली गेली, कारण तिचाही उपचार स्थानिकच असतो.

जुनीच मतं या नव्या खणांत टाकून पाहिली तेव्हा जुळणी जठरासाठी ७१ टक्के, मोठ्या आतड्यासाठी ६५ आणि अन्ननलिकेसाठी ६२ टक्के झाली. तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल, “खण मोठे केले की जुळणारच, ही लबाडी आहे.” शंका रास्त आहे. पण कप्पा योगायोग वजा करतो, आणि तोही वाढला : जठर ०.५५, मोठं आतडं ०.४७, अन्ननलिका ०.३१. शिवाय खण सोयीसाठी जोडले नव्हते. जिथे उपचार एकच आहे तिथेच जोडले होते. आणि ०.३१ म्हणजे काही भांडण मिटलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

शब्दावर एकमत होत नसेल तर कृतीवर होतं का ते पाहा, असं या लोकांनी करून दाखवलं. आपल्या चळवळींतही शब्दांवरून फुटण्याची घाई असते. त्यांनी आधी मतभेद मोजले, लिहून ठेवले आणि मग टेबलाशी बसले.

देशादेशांतला फरक सोडा, एका देशातही नजरेचा फरक असतो. नेदरलँड्समध्ये बॅरेट्सच्या १४७ रुग्णांच्या स्लाइड पुन्हा तपासल्या. सर्वांना आधी ‘सौम्य डिस्प्लेशिया’ असं निदान दिलेलं होतं. या क्षेत्रातल्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टांनी पुन्हा पाहिल्यावर ८५ टक्के रुग्णांचं निदान खालच्या पायरीवर आलं. फक्त १५ टक्क्यांचं कायम राहिलं. पण त्या १५ टक्क्यांचं पुढे काय झालं? सुमारे नऊ वर्षांत त्यांचा आजार तीव्र बिघाडाकडे किंवा कॅन्सरकडे जाण्याची जोखीम ८५ टक्के निघाली. ज्यांच्यात बिघाड नाही असं ठरलं, त्यांच्यात ती ५ टक्क्यांहूनही कमी होती. दुसऱ्या नजरेने बहुतेकांची भीती उतरवली आणि ज्यांना खरा धोका होता त्यांना वेगळं काढलं. म्हणूनच बॅरेट्समध्ये डिस्प्लेशियाचं निदान दुसऱ्या तज्ज्ञाने पक्कं करावं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण याच धंद्यात येणार आहात. ‘आमचं एआय ९५ टक्के अचूक कॅन्सर ओळखतं’ अशा बातम्या तुम्ही वाचता. पुढचा प्रश्न विचारा : कुणाशी ताडून ९५ टक्के? मॉडेल सत्य शिकत नाही, ज्याने लेबल दिलं त्याचा नियम शिकतं. जपानी लेबलांवर शिकलेलं मॉडेल पाश्चात्त्य नियमाने चालणाऱ्या रुग्णालयात बसवलं तर ते जादा कॅन्सर दाखवेल. उलट केलं तर कमी दाखवेल. कोडमध्ये कुठेही बग नसेल, सगळ्या टेस्ट हिरव्या असतील, आणि तरी एखाद्याचा अवयव नको तेव्हा काढला जाईल किंवा काढायची गाठ आत राहील. म्हणून डेटात नुसता ‘कॅन्सर : हो किंवा नाही’ असा रकाना पुरत नाही. काय दिसलं, किती खोल दिसलं, कोणत्या वर्गीकरणाने नाव दिलं आणि किती जणांनी पाहिलं, एवढे रकाने हवेत. दोन तज्ज्ञांची मतं वेगळी असतील तर बहुमताने एक पुसून टाकू नका. मतभेद हीसुद्धा माहिती आहे.

शेवटी कामाच्या गोष्टी. आपल्या घरांत अब्बा-अम्मींचे, नाना-नानींचे इंग्रजी रिपोर्ट वाचायचं काम तुमच्यावरच येतं. मोहल्ल्यातले लोकही तुमच्याकडेच कागद घेऊन येतात. तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

एक, स्लाइड आणि ब्लॉक ही जपण्याची वस्तू आहे. रिपोर्टचा कागद म्हणजे मत, ब्लॉक म्हणजे पुरावा. दुसरीकडे दाखवायचं असेल तर लॅबकडे स्लाइड आणि ब्लॉक मागा. यात संकोच नको. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरून येणाऱ्या रुग्णाला स्लाइड आणि ब्लॉक आणायला सांगतात आणि तिथले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा पाहतात. पुन्हा पाहणं म्हणजे पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही.

दोन, मथळ्यावर थांबू नका. खालच्या ओळी वाचा. आक्रमण आहे का? कोणत्या थरापर्यंत? कडा मोकळ्या आहेत का? रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या का? दोन रिपोर्टांची नावं वेगळी असली तरी या ओळी सारख्या असतील तर भांडण फक्त नावाचं आहे. या ओळीच वेगळ्या असतील तर मतभेद खरा आहे, तेव्हा तिसरी नजर हवी.

तीन, डॉक्टरांना सरळ विचारा : “या दोन नावांमुळे उपचार बदलतो का?” सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे.

चार, आवडता रिपोर्ट निवडू नका. ही धोक्याची घंटा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ‘डिस्प्लेशिया’ हा शब्द गोड वाटतो. लोक म्हणतात, “चला, कॅन्सर नाही, अल्लाहचा शुक्र,” आणि पुढच्या तपासणीला जातच नाहीत. पाश्चात्त्य पॅथॉलॉजिस्टने तीव्र डिस्प्लेशिया लिहिलं म्हणजे सोडून द्या, असं तो म्हणत नाही. काढा आणि लक्ष ठेवा, असंच तोही म्हणतो. बारापैकी शून्य आणि बारापैकी अकरा या आकड्यांत कितीही अंतर असलं, तरी ‘काही करू नका’ असं त्या स्लाइडबद्दल कुणीच म्हणत नव्हतं.

तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत हे कळलं की काही जण म्हणतात, मग सगळे डॉक्टर सारखेच, त्यापेक्षा जडीबुटी बरी. असा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला तुम्ही थांबवायला हवं. ज्या लोकांनी स्वतःची ०.०१ एवढी सहमती छापून जाहीर केली आणि मग ती वाढवण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांच्यावर विश्वास ठेवायला मला जास्त सोपं जातं. जो कधीच चुकत नाही असं सांगतो त्याच्याकडे मोजमाप नसतं.

तेव्हा घरात असा कागद आला की घाबरण्याआधी आणि भडकण्याआधी तीन प्रश्न विचारा : काय दिसलं, कोणत्या नियमाने नाव दिलं आणि आता करायचं काय. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत डॉक्टरांच्या समोरची खुर्ची सोडू नका.

तुमचे प्रश्न असतील तर विचारा. मला उत्तर येत नसेल तर कुणाला विचारायचं ते नक्की सांगेन.